पडद्यापुढची जागा

आमचे धाकटे भाऊजी, म्हणजे माझे दीर, विमानात पुढच्या वर्गातच बसतात. ही माहिती काढायला कोणाला कष्ट पडत नाहीत, ते स्वतःहून देतात. मयतीला आले तरी तिसऱ्या वाक्याला विमान येतंच. "पाठ टेकली की डोळा लागतो, वहिनी. खुर्चीचा सपाट पलंग होतो. पैसे जातात, पण वसूल होतात." हे 'वसूल' ऐकून माझे कान किटले आहेत. आमच्या डेपोत त्यांचं नाव 'ढगवाले' पडलंय, आणि ते मीच पाडलंय.

मी बस डेपोत तिकिटाच्या खिडकीवर बसते. लोकांना जागा देण्यात माझा जन्म गेला. पहिलीच रांग पाहिजे म्हणून हमरीतुमरीवर येणारे लोक मी रोज बघते. त्यांना मी सांगते की अहो, पहिली रांग आणि शेवटची रांग एकाच फलाटाला लागते, शेवटची जरा जास्त आदळते एवढंच. पण नाही, त्यांचा मान असतो. मान जर खुर्चीत असता तर तो सगळ्यात जास्त ड्रायव्हरला मिळाला असता. त्याची खुर्ची एकट्याची असते आणि सगळ्यात पुढे असते, तरी त्याला कोणी साधा चहा विचारत नाही.

तर अशा माझ्यावर ढगवाल्यांच्या पाया पडायची वेळ आली, त्याचं कारण सांगते.

आमचे हे गेल्यापासून घरात मी आणि सासूबाई, दोघीच. मुलगी लग्न होऊन गेली. मला बढती आली होती, दुसऱ्या गावच्या मोठ्या डेपोत तिकीट विभागाची मुख्य म्हणून. मी नाही म्हटलं. पुन्हा आली, पुन्हा नाही म्हटलं. कारण सासूबाई घर सोडायला तयार नव्हत्या. "या घरातून पाय निघेल तो मुलाच्या घरी जायला. परक्या गावात भाड्याच्या खोलीत मरायला मी येणार नाही," असं त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि मुलगा, म्हणजे हे ढगवाले, परदेशात, वर्षाकाठी एकदा येणार, येताना साबणाच्या छोट्या वड्या आणि मोज्यांचे जोड आणणार. विमानात फुकट मिळतात ते.

तिसऱ्यांदा माझं नाव निघालं तेव्हा डेपो मॅनेजरांनी मला आत बोलावलं. म्हणाले, "बाई, या वेळी नाही म्हणालात तर निवृत्त होईपर्यंत याच खिडकीत बसायचं. पुन्हा विचारणार नाही कोणी." त्या खिडकीची जाळी माझ्या कपाळावर उमटायची बाकी आहे. मी घरी आले, सासूबाई आडव्या झाल्यात असं बघितलं आणि मागच्या खोलीत जाऊन भाऊजींना फोन लावला.

काय काय बोलले ते आता आठवत नाही. आठवून घ्यायचंही नाही. एवढं खरं की जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्याकडे काही मागितलं. आणि नवल म्हणजे ते हो म्हणाले. नुसते हो नाही, त्यांना एकदम उमाळाच आला. "आईला मी स्वतः न्यायला येतो. पुढच्या वर्गानं नेतो. तिनं आयुष्यभर काय कमी सोसलंय? एकदा तरी राणीसारखी येऊ दे. तुम्हीही चला, थोडे दिवस राहा, तिला तिथली सवय लावून द्या." मग जरा थांबून म्हणाले, "तुमचं मागच्या वर्गाचं काढतो हां, वहिनी. तुम्हाला काय, कुठेही झोप लागते."

मला कुठेही झोप लागते हे खरं आहे. पण ती का लागते, हे एकदा तरी विचारायचं होतं.

असो. मला त्यांच्या पलंगाशी काही देणंघेणं नव्हतं. आईंना तिकडे आवडलं तर त्या राहणार होत्या, आणि मी परत येऊन नव्या डेपोत रुजू होणार होते. नाही आवडलं तर मी आणि माझी जाळी. म्हणून मी तोंडाला कुलूप लावलं. ढगवाल्यांनी निघण्याच्या आदल्या दिवशी खुर्ची किती अंशात मागे जाते, उशा किती मिळतात, काटेचमचे कसे खरे धातूचे असतात, हे सगळं ऐकवलं, तरी मी "हो का, वा" म्हणत राहिले. नाकाने कांदे सोलणाऱ्या माणसापुढे माझ्याएवढं गप्प कोणी बसलं नसेल.

एक गोष्ट मात्र मी बोलायला हवी होती, ती बोलले नाही.

सासूबाईंना एकटीनं संडासला जाता येत नाही. गुडघे वाकत नाहीत, बसलं की उठता येत नाही, कपडे सावरायचे तर एक हात भिंतीला लागतो. मी आत जाते, त्यांच्या काखेत हात घालते, तोंड भिंतीकडे करून उभी राहते. इतकी वर्षं हेच चाललंय, त्यात कोणाला काही वाटत नाही. पण मुलाला यातलं अक्षर माहीत नव्हतं. फोनवर आई म्हणणार, "मी अगदी ठणठणीत," आणि माझ्याकडे डोळे वटारून बघणार, की मी मागून म्हणायचं, "हो हो, ठणठणीत." आमच्या घरात असल्या गोष्टी पुरुषांना सांगत नाहीत. पोटच्या पोरालाही नाही, उलट त्यालाच नाही.

निघताना त्यांनी मला दटावलं, "त्याला सांगशील तर बघ." मी म्हटलं, "नाही सांगत." आणि खरं सांगू, मलाही सांगायचं नव्हतं. भाऊजी घाबरले असते, आणि मला ते घाबरायला नको होते. तिकडे पोचू दे, बाई ठेवतीलच ते, पैशाला काय तोटा, असा मी हिशेब मांडला. विमानातल्या वेळेचं काय, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. जन्मभर लोकांना बसचे थांबे सांगितले मी, आणि हा एक थांबा विसरले.

विमानतळावर त्या दोघांना निराळ्या दारानं आत नेलं. तिथे सोफे होते म्हणे. मी बाहेर लोखंडी खुर्चीवर, थेट आमच्या डेपोतल्यासारख्याच. थोड्या वेळानं भाऊजींचा फोटो आला. सोफ्यावर आई, समोर फळांची बशी, आईंचे हात मांडीवर, बशीला बोटही लावलेलं नाही.

मग आमच्या रांगेला सोडलं, सगळ्यात शेवटी. मागे जायचं तर पुढच्या वर्गातूनच जावं लागतं. ही व्यवस्था ज्यानं केली तो माणूस फार पोचलेला असणार. मागच्यांनी पुढच्यांकडे बघत जावं, आणि पुढच्यांनी कोणी बघतंय म्हणून समाधानानं पेला उचलावा. पेले होतेही हातात. एवढ्या सकाळी.

आई त्या खुर्चीत बसल्या होत्या. खुर्ची एवढी मोठी की त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते, दुकानात कोणी विसरून गेलेल्या लहान मुलासारख्या दिसत होत्या. त्यांची काठी विमानातल्या बाईनं घेऊन वर कप्प्यात ठेवून दिली होती. शेजारी भाऊजी, मध्ये लाकडी आडोसा, म्हणजे मायलेकांनाही एकमेकांचं तोंड दिसायला नको.

"काही लागलं तर भाऊजींना सांगा हं," मी म्हटलं.

"मला काय लागतंय," आई म्हणाल्या.

मागून लोक ढकलत होते. मी पुढे गेले, म्हणजे मागे गेले.

माझी जागा मधली. खिडकीला एक वेल्डर होता, खांद्यानं रुंद, स्वभावानं गरीब. गुडघे पुढच्या खुर्चीत रुतलेले तरी "तुम्हाला अडचण होत नाही ना?" असं त्यानंच मला विचारलं. कडेची जागा रिकामी राहिली. विमान वर गेलं, आणि पुढे एक पडदा ओढला गेला. चांगला जाड, निळा. कापड म्हणाल तर आमच्या डेपोच्या उपाहारगृहातल्या पडद्यासारखंच, फक्त यामागे भांडी घासत नव्हते.

जेवण आलं, गेलं. मग त्यांनी भरदिवसा खिडक्या झाकून अंधार केला, कारण पुढच्यांना झोपायचं होतं. आणि त्या अंधारातून पडदा सारून ढगवाले आले. अंगात विमानवाल्यांनी दिलेला राखाडी लेंगा-सदरा, पायात सपाता. दवाखान्यातून पळालेला पेशंट दिसावा तसे दिसत होते, पण चेहऱ्यावर काय तो रुबाब.

"वहिनी, आईचं काही कळत नाही," ते कुजबुजले. "सूप परत, जेवण परत, फळं परत. चहा नको म्हणाली. अहो, पाणीसुद्धा घेतलं नाही तिनं. एवढं सगळं त्या तिकिटात धरलेलं असतं. असं केलं तर ते वसूल कसं व्हायचं?"

"पाणीसुद्धा नाही?" मी विचारलं.

"एक घोट नाही. आणि पलंग करून दिला तर म्हणते, मी बसूनच बरी आहे."

मला कळलं होतं. पाणी प्यायलं की उठावं लागतं. म्हणून ती बाई सकाळपासून तोंड कोरडं ठेवून बसली होती, त्या सोफ्यावरसुद्धा. रक्तदाबाच्या गोळ्याही पाण्याशिवाय घेतल्या नसणार.

मी तेव्हाच भाऊजींना सांगायला हवं होतं. जिभेवर आलंही होतं. पण आईंना दिलेला शब्द आडवा आला, आणि शब्दाच्या मागे ती नव्या डेपोची खुर्ची उभी होती, हेही लपवत नाही. मी म्हटलं, "मी बघते." ते जांभई देत परत गेले.

मी पडद्यापाशी गेले. विमानातल्या बाईनं इतक्या गोड हसून हात आडवा केला की राग यायलाही वेळ लागला. "मॅडम, तुमची जागा मागे आहे."

"माझी सासू पुढे आहे."

"त्यांच्याबरोबर साहेब आहेत. आणि आम्ही आहोतच."

"मग त्यांना विचारून या, उठायचंय का म्हणून. हात धरून नेलं पाहिजे त्यांना."

ती बिचारी गेली आणि आली. "नको म्हणाल्या. छान हसल्या माझ्याकडे बघून."

ते हसणं मला माहीत आहे. पाहुण्यांपुढचं हसणं ते. मी जागेवर येऊन बसले आणि पडद्याकडे बघत राहिले. वेल्डर घोरत होता. मी, जिला कुठेही झोप लागते, ती टक्क जागी.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग पडदा हलला, आणि त्या सबंध लांबीच्या विमानातून आई स्वतः चालत आल्या. काठी नाही. लोकांच्या खुर्च्यांच्या पाठी धरत, कोणाच्या डोक्यावर हात पडला तर "राहू दे हं, झोप" म्हणत. पायात विमानवाल्यांचे मोजे. माझ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चल."

मी उठले. मागच्या संडासात एक माणूस कसाबसा मावतो, आम्ही दोघी गेलो. दार लावायला मला पोट आत घ्यावं लागलं. नेहमीसारखा काखेत हात घातला, तोंड भिंतीकडे केलं.

"पुढचा संडास आपल्या स्वयंपाकघराएवढा आहे," त्या माझ्या पाठीमागून म्हणाल्या. "आत फूल ठेवलंय. पण माझ्याबरोबर आत कोण येणार?"

बाहेर आल्यावर त्यांनी पाणी मागितलं. पेला संपवला, आणखी एक मागितला, तोही संपवला. मग त्यांना माझ्या शेजारच्या, कडेच्या जागेवर बसवलं. हे होईतो भाऊजी शोधत आले, झोपमोड झालेल्या चेहऱ्यानं.

"आई, अगं इथे काय करतेस?"

"हिच्याकडे आले."

"कशाला? काय कमी आहे तिकडे?"

आईंनी मान खाली घातली. मग मीच शब्द मोडला. "भाऊजी, आईंना एकटीनं संडासला जाता येत नाही. आत कोणीतरी लागतं. आजचं नाही, बरीच वर्षं झाली. म्हणून सकाळपासून पाणी प्यायल्या नाहीत त्या."

"मला कोणी सांगितलं नाही," ते म्हणाले. आणि हे खरंच होतं, म्हणून मला जास्त चीड आली. इतक्या वर्षांत आईला उठून उभं राहताना एकदाही बघितलं नाही यांनी. सारखं लक्ष खुर्चीकडे.

मघाची ती विमानातली बाईही मागोमाग आली होती. तिनं सगळं ऐकलं आणि दोन वाक्यांत सोडवून टाकलं. "साहेब, तुम्ही इथे बसलात तर या मॅडम तुमच्या जागेवर, आईंच्या शेजारी बसू शकतील. अदलाबदल मी करून देते."

किती साधं होतं. मी भाऊजींच्या तोंडाकडे बघत राहिले. मला तो पलंग नको होता. म्हणजे थोडा हवा होता, कोणाला नको असतो. पण त्याहून मला हवा होता त्यांचा होकार. ते इथे बसले असते, वेल्डरच्या कोपराखाली, गुडघे मुडपून, तर आईंनी ते बघितलं असतं. हा माझ्यासाठी एवढं करतो, असं वाटलं असतं तर त्या राहिल्या असत्या, बिनतक्रार. मनातल्या मनात मी त्या माणसाला म्हटलं, बसा हो, एवढा एकदा बसा.

त्यांनी माझी मधली जागा बघितली. वेल्डर बघितला. गुडघे जातात ती फट बघितली.

"मला उतरल्या उतरल्या मीटिंग आहे," ते म्हणाले. "घरी न जाता थेट. झोप झाली नाही तर डोकं चालत नाही माझं. नाहीतर मी बसलोच असतो." मग त्यांना एक युक्ती सुचली, तसा चेहरा उजळला. "आई, तू असं कर ना. तू तिकडेच बस, आणि लागेल तेव्हा इकडे वहिनींकडे येत जा. तेवढंच चालणं होईल. चालणं तुला चांगलंच आहे."

विमानातली बाई छताकडे बघायला लागली. वेल्डर कधी जागा झाला होता कोण जाणे, त्यानं तोंड खिडकीकडे फिरवलं.

"मी इथेच बरी आहे," आई म्हणाल्या. "जा तू. झोप."

त्यांनी आईंचा खांदा थोपटला. दोन पावलं गेले आणि वळून म्हणाले, "उगाच ती जागा रिकामी जाणार." आणि पडदा ओढला गेला.

त्या पडद्याला मी मनात ज्या शिव्या दिल्या त्या डेपोतल्या हमालांनाही येत नसतील. हात आखडला असता तर एक वेळ समजलं असतं, पण पैसे तर पाण्यासारखे ओतले होते. आईसाठी पलंग घेतला, उशा घेतल्या, फुलाचा संडास घेतला. एवढं सगळं घेतलं आणि स्वतःची जागा तेवढी सोडवेना. आणि माझी बढती त्याच पडद्याआड गेली, तीही झोपायला. मला रडू येत होतं, आणि ते आईंच्या शेजारी बसून येत होतं याची लाजही वाटत होती.

मला वाटलं, आईंचा डोळा लागला. बघते तर टक्क जाग्या.

"त्या गावात भाड्याची घरं मिळतात का?" त्यांनी विचारलं.

"कोणत्या गावात?"

"तुझ्या बदलीच्या."

बढतीचं मी त्यांना या वेळी सांगितलंच नव्हतं.

"मागच्या खोलीत जाऊन बोलतेस, पण ती भिंत कसली आहे, पत्राच तो," त्या म्हणाल्या. "सगळं ऐकलं मी. तू त्याला म्हणत होतीस, भाऊजी, मला सुटू द्या आता."

विमानात तोंड लपवायला जागा नसते. मी हातांकडे बघत बसले.

"म्हणून तर निघाले," आई म्हणाल्या. "नाहीतर मी कशाला येते या वयात उडायला? म्हटलं, ही सुटेल. पण ते काही जमायचं नाही, बघितलंस ना तू." त्यांनी माझा हात चाचपला, संडासात धरतात तसा घट्ट धरला. "तुझ्याबरोबर येते मी. घर बंद करू. पण तू काही सुटत नाहीस यातून. चालेल का तुला?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. सांगितलं होतं पुष्कळ. मला एकदम हो म्हणता आलं नाही. मोठ्या डेपोतली खोली, सकाळचा एकटीचा चहा, दार ओढून कुठेही निघून जाणं, हे सगळं मी मनात इतक्यांदा लावून ठेवलं होतं. ते आवरायला थोडा वेळ लागला. त्या थांबल्या. हात सोडला नाही.

"चालेल," मी म्हटलं.

"मग संडास खोलीला लागून असेल असं घर बघ."

"बघते." मी डोळे पुसले. "आणि भाऊजींना काय सांगायचं? त्यांना आत्ताच उठवून सांगते, म्हणजे कळेल तरी."

"नको," आई म्हणाल्या. "झोपू दे त्याला. तेवढंच तर विकत घेतलंय त्यानं."